इवाईबुवांची भाव सांगायची शाळा

परीक्षेत पहिलं आलेलं पोर बघून ज्याच्या पोटात खड्डा पडतो, असा उभ्या मराठवाड्यात एकच माणूस असेल आणि तो माझ्या सुनेचा बाप आहे. आमच्या लातुरात अशा पोरांचे फोटो चौकाचौकात टांगलेले असतात. खाली मार्क, वर क्लासचं नाव, मध्ये चष्मेवाला बिचारा चेहरा. येणारेजाणारे मान वर करून कौतुकानं बघतात. आमचे इवाई त्या फलकाखाली स्कूटरी चुकवत उभे राहतात आणि हळहळतात. "गेलं बगा इहीणबाई हे पोर," म्हणतात. "इतकं हुशार होतं. आता चाळीस वर्षं कुणाच्या तरी सहीसाठी फायली घेऊन फिरणार." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीण. मी त्यांची इहीण, म्हणजे मुलाची आई, म्हणजे वरमाय. हे नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

तर हे इवाईबुवा नांदेडकडच्या एका विद्यापीठात वाणिज्य शिकवायचे. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या लोकांना वाटायचं म्हातारी आपल्यावर टपलीय. शिकवण्याशिवाय त्यांच्याकडे 'उद्योजकता कक्ष' होता. कक्ष म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून एक खोली. कॅरमबोर्ड ठेवायला जागा कमी पडली की ते कक्षात येऊन बसत. तिथं बसून इवाई पोरांना सांगायचे, नोकरी मागू नका, धंदा काढा. स्वतः मात्र तेहतीस वर्षं एकाच खुर्चीत पगार घेतला. हे मी एकदा तोंडावर बोलून दाखवलं. मी बोलून दाखवतेच. ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच सांगतो की. जेलातलं जेवण कसं असतंय ते आतल्या माणसालाच विचारावं."

त्यांना वेडं दोन. एक, पोरांनी धंदा करावा. दुसरं, कुणाचा मान चुकू नये. ही दोन वेडं एका अंगात सुखानं नांदत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीच्या जागी शाली असायच्या आणि शालींखाली नारळ. एकदा अहमदपूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली तेव्हा ही गोष्ट माझ्या मुलाला कळली, कारण तो सोबत होता आणि स्टेपनी नव्हती. कुणीतरी मोटारसायकलवरून पंक्चरवाल्याला घेऊन आलं. त्यानं उन्हात बसून काम केलं. इवाईंनी त्याला मजुरी तर दिलीच, वर रस्त्याच्या कडेला उभं करून शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि मुलाला म्हणाले, "जावईबापू, टाळ्या वाजवा." मुलानं वाजवल्या. ट्रकवाले थांबून बघत होते.

हा मानपानाचा सोस त्यांना मुळात होताच, पण तो वाढवण्यात माझाही हात आहे. मुलाच्या लग्नात मी जे काही केलं ते आज आठवलं की मला माझीच ओळख दाखवायची लाज वाटते. मला आलेल्या मानाच्या साडीचे काठ आणि माझ्या जावेला आलेल्या साडीचे काठ एकसारखे निघाले. एवढंच. तेवढ्यावरून मी मांडवाच्या एका खांबाकडे तोंड करून बसले. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही" म्हणायचं आणि नाक जरासं वर ओढायचं, ही त्या वेळची माझी पद्धत होती. बाईचं वय पन्नास, अक्कल पाच वर्षांची. भटजी खोळंबले, वाजंत्रीवाले खोळंबले. इवाई हात जोडून समोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय कमी पडलं ते एकदा सांगा, आम्ही भरून काढू." मी तरीही सांगितलं नाही. सांगितलं तर मजा संपली असती. शेवटी त्यांच्या बायकोनं ओळखलं आणि दुसरी साडी आली. तेव्हापासून हा भला माणूस मला घाबरतो, आणि खोटं कशाला बोलू, बरीच वर्षं मी ते चालवून घेतलं.

बाजारात त्यांना घेऊन जाणं म्हणजे शिक्षा. सगळं जग भाव पाडतं, हे वाढवतात. आमच्या भाजीवाल्या मावशीनं एकदा मेथीचा भाव सांगितला, तर हे म्हणाले, "इतकी स्वस्त कामून? तुमचं येणंजाणं धरलं का यात? पहाटे उठून खुडली त्याचं काय?" मावशीला वाटलं, हे नगरपालिकेचे कुणीतरी आहेत. तिनं गुपचूप जुड्या पोत्यात भरायला घेतल्या. मी तोपर्यंत शेजारच्या गाड्यावरच्या वांग्यांत डोकं खुपसून उभी होते, जणू या गृहस्थांचा आणि माझा काही संबंध नाही.

विद्यापीठात त्यांनी किती कार्यक्रम घेतले असतील, देव जाणे. आधी व्याख्यानं घेतली. एका मोठ्या यशस्वी उद्योजकाला बोलावलं. त्याच्या सत्कारातच तासभर गेला, आणि मग तो उठून पोरांना म्हणाला, धंद्यात फार ताण आहे, आधी एखादी सरकारी नोकरी बघा. पोरांनी त्या एका वाक्याला जीव तोडून टाळ्या वाजवल्या. मग कल्पनांची स्पर्धा घेतली. देगलूरचा एक पोरगा पहिला आला. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत शेतमालाचा भाव सांगणारं काहीतरी त्यानं फोनवर बनवलं होतं. इवाई आनंदानं हवेत. पोरानं बक्षिसाच्या पैशातून पोलीस भरतीच्या क्लासची फी भरली. मग मेळावा घेतला. पोरांनी स्टॉल लावायचे, माल विकायचा. हा मेळावा मात्र तुफान चालला. गावागावाहून टेम्पो भरून माणसं आली. कुणाचा चुलता, कुणाचा मामा, कुणाच्या बहिणीचे सासरे. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, लोणच्याच्या बरण्या काखेत मारल्या, पोरांच्या पाठीवर थापा दिल्या आणि गेले. संध्याकाळी इवाईंनी विचारलं, विक्री किती झाली? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणालं, "सर, समदे घरचेच होते. त्यांच्याकडून कसं घ्यावं?"

त्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. फोन करून मला म्हणाले, "इहीणबाई, रोग सापडला. आपली पोरं माल बनवतात, आपल्या पोरांना भाव सांगता येत न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी कडुलिंबाखाली शाळा सुरू झाली. फक्त भाव सांगायची. प्रत्येकानं पुढं यायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, भाव सांगायचा आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. पोरं खणखणीत आवाजात "शंभर रुपये" म्हणायची आणि लगेच खाली बघून "पण तुम्ही द्या काय द्यायचं ते" असं पुटपुटायची. इवाई ओरडायचे, "शेपूट काप." पोरगं पुन्हा उभं राहायचं, "शंभर रुपये," म्हणायचं, आणि ओठ असे दाबून धरायचं की जणू तोंडात पाणी आहे. कुणी हसायचं, कुणाचे कान लाल व्हायचे. एक पोरगी म्हणे रोज भाव नीट सांगायची आणि नंतर सवयीनं "सॉरी" म्हणायची.

ही विद्या त्यांनी आमच्या सात वर्षांच्या नातीलाही दिली. मी एकदा तिला सुई ओवून मागितली. तिनं ओवली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "पाच रुपये, आजी." आणि गप्प. मी हसले, लाडीगोडी लावली, डोळे वटारले. पोर पापणी हलवेना. मी दिले पाच रुपये. तिच्या त्या आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी पुढच्या खेपेला येताना तिच्यासाठी शाल आणली.

मला त्या शाळेचं हसू यायचं, पण मोकळं नाही. कारण शेपटीचं ते वाक्य माझं होतं. माझ्या लग्नानंतर पहिली काही वर्षं मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे. हात चांगला होता माझा, गळा असा बसायचा की बाई आरशासमोरून हलायची नाही. आणि किती झाले विचारलं की मी मान तिरकी करून म्हणायची, "द्या हो काय द्यायचं ते, मी काय परकी आहे का?" बायका शहाण्या होत्या. मी परकी नव्हते, मग त्यांनी द्यायचं कशाला? एकीनं तीन ब्लाउजांचे मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. मी "कशाला, कशाला" करत हसत घेतल्या आणि रात्री आमटीत उकळताना एकेक शेंग पातेल्यात आपटली. यजमान म्हणाले, भाव सांगत जा की. तर मी त्यांनाच माणुसकीवर भाषण दिलं. स्वतःला मी फार उदार समजत होते. उदार कसली, भित्री होते. पुढं मशीन बंद पडलं, त्यावर टीव्ही बसला, आणि मला भाव मागता आला नाही याचा सूड म्हणून मी दुसऱ्यांचे भाव पाडायला शिकले. आज गंजगोलाईच्या बाजारात मी दिसले की दोन दुकानदार आत जाऊन बसतात.

हे सगळं मी एकदा इवाईंना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "इहीणबाई, मला तुम्ही गिऱ्हाईक म्हणून पाहिजेत."

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि शेवटचा मेळावा व्हायचा होता. आणि त्या मेळाव्यात त्यांचा जीव एकाच पोरीत अडकला होता. उमरीजवळच्या एका खेड्यातली, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही पोरगी फवारणीचे बॅटरीवरचे पंप दुरुस्त करायची. ऐन फवारणीच्या दिवसांत पंप बंद पडतात, तालुक्याला दुरुस्त करणारा धड कुणी नाही, आणि हिच्या हाताला गुण होता. गावातले पंप तिच्या ओसरीवर येऊन पडायचे, ती दुरुस्त करायची आणि माणसं "शाब्बास पोरी" म्हणून घेऊन जायची. तिला उमरीच्या स्टँडजवळ गाळा घ्यायचा होता. बाप घरचा बरा होता, शेती होती, पोरीला शिकवलंही होतं हौसेनं. पण त्याचं म्हणणं साधं होतं. सगळा गाव तुझा काका नाहीतर मामा, मजुरी देणार कोण? त्यापेक्षा लातूरला बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. सोमवारी फी भरायची ठरली होती. इवाईंनी त्याची गाठ घेऊन शब्द टाकला, आणि तो एवढ्यावर कबूल झाला की शनिवारच्या मेळाव्याला मी येतो, माझ्या डोळ्यांदेखत पोरीनं एका तरी ओळखीच्या माणसाकडून मजुरी घेऊन दाखवली तर गाळा, नाहीतर लातूर.

"ओळखीचं माणूस म्हणून मी जाईन, पण शिक्षकाकडून कसं घ्यावं म्हणून ती अडणार," इवाई फोनवर सांगत होते. "तुम्ही परक्या म्हणून या. घासाघीस करा. तुमची सगळी विद्या पणाला लावा. तुमच्यापुढं ती टिकली तर तिची भीड चेपेल, मग गावातलं एखादं माणूस मी तिच्यापुढं उभं करतो. फक्त तुम्ही माझ्या कोण हे तिथं कुणाला कळायचं न्हाई."

"आणि तुम्हाला राहवेल का?" मी विचारलं.

"जिम्मेदारी माझी," ते म्हणाले.

माझ्या गच्चीवरच्या झाडांना फवारायला मुलानं घेतलेला छोटा पंप कधीचा रुसून बसला होता. तो पिशवीत घातला आणि शनिवारी पहाटेची एसटी धरली. मुलगा गाडीनं सोडतो म्हणत होता, पण गाडीतून उतरणारी बाई परकी वाटत नाही. तीन तास धक्के खाऊन विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले तेव्हा केस विस्कटलेले, साडीवर धूळ. इवाई तिथंच उभे होते, पाहुण्यांची वाट बघत. त्यांनी मला बघितलं. मी ओळख न दाखवता पुढं गेले. मागून मला त्यांचा श्वास ऐकू आला. दारात वरमाय आली आहे, पायावर पाणी नाही, हातात नारळ नाही, बसा म्हणायला कुणी नाही. त्या माणसाचं काय झालं असेल ते मी चालता चालता समजले आणि मनात म्हटलं, हे काही टिकत नाही.

टिकलं, पण पाऊण तास. मी मांडवात मागच्या खुर्चीवर बसले होते. पुढं प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला, उपप्रमुख पाहुण्यांचा झाला, मांडववाल्याचा झाला, ध्वनिक्षेपकवाल्याचा झाला. माईक इवाईंच्या हातात होता. त्यांची नजर दर सत्काराला माझ्याकडे यायची आणि परत जायची. शेवटी एक शाल उरली. ती हातात घेऊन ते जरा वेळ उभे राहिले, आणि मग त्यांच्या तोंडून आलं, "आणि आज आपल्यात, एसटीनं प्रवास करून, आमच्या लेकीच्या सासूबाई, आमच्या इहीणबाई आलेल्या आहेत." सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. मला व्यासपीठावर नेलं. शाल पांघरताना ते पुटपुटले, "माफ करा, न्हाई राहवलं." मी हसऱ्या तोंडानं म्हटलं, "त्या पोरीचं वाटोळं केलंत." मग फोटो निघाला. त्यात आम्ही दोघं फार प्रसन्न दिसतो.

त्यानंतर मी स्टॉलांवरून फिरले म्हणजे माझी मिरवणूकच निघाली. महिनाभर कडुलिंबाखाली घोकलेलं सगळं एका शालीनं पुसून टाकलं. सरांच्या इहीणबाई, त्यातून वरमाय. मी जवळ आले की पोरं फोननं पैसे घ्यायच्या कोडाची पाटी हळूच पालथी घालायची. एकानं ज्वारीची बिस्किटं दिली, एकीनं कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत पुढच्यांनी मेणबत्त्या, मसाला आणि हातानं रंगवलेलं झाकण. "भाव सांग की," मी म्हणायची. "आजी, लाजवू नका," ते म्हणायचे. इवाई माझ्यामागून चालत होते, आणि दर स्टॉलला त्यांचा चेहरा एक वीत लांबत होता.

पोरीचा स्टॉल शेवटी होता. टेबलावर उघडे पंप, पाने, सोल्डरिंगची कांडी आणि पैसे जमा झाले की बोलून सांगणारा छोटा डबा. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी घातलेले तिचे वडील, हात मांडीवर ठेवून. मी पंप टेबलावर ठेवला. "चालत नाही," म्हटलं. पोरीनं तो कानाशी धरून हलवला, चार स्क्रू काढले, आत फुंकर मारली. "दाबाचा स्विच चिकटलाय," म्हणाली. काचकागदाचा तुकडा घेऊन आतली टोकं घासली, एक वायर नव्यानं जोडली, पाणी भरून बटण दाबलं. तुषार उडाले, माझ्या शालीवर आणि तिच्या वडिलांच्या टोपीवर. गर्दी जमली होती.

"किती झाले?" मी विचारलं.

पोरीचा हात पाटीवर गेला आणि तिथंच थांबला. "राहू द्या आजी," ती म्हणाली. "तुमच्याकडून काय घ्यायचं? तुम्ही तर सरांच्या इहीणबाई."

वडिलांनी टोपी काढून झटकली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखं होतं. "बगा सर. हेच म्हणून राहिलो होतो मी. काल काका होते, आज तुमच्या इहीणबाई. उद्या गाळ्यावर बी कुनी ना कुनी असंलच." मग ते इवाईंकडे वळले. "आता तुमीच सांगा. वरमायकडून घ्यावं का पोरीनं?"

इतकी वर्षं मी त्या माणसाला हात जोडलेला बघत आले होते. तेव्हाही हात जोडायला वर आले आणि अर्ध्यातच राहिले. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घातली, खिशात ठेवला, परत काढला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मांडवाच्या खांबाकडे बघत होते, कारण तोंडावर हसू यायला लागलं होतं. त्यांना बहुतेक तो लग्नातलाच रुसवा वाटला. घाम आणखी फुटला.

"घे," ते म्हणाले.

"कुणाकडून, सर?" पोरीनं विचारलं.

"इहीणबाईंकडून घे." आवाज असा आला की जणू कुणी त्यांच्या लेकीला माघारी पाठवलंय. "पूर्ण घे."

पोरीनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "दोनशे ऐंशी," म्हणाली, आणि ओठ मिटले.

मग मी माझं काम केलं. "दोनशे ऐंशी? नवा पंप येईल त्यात," मी म्हटलं. ती गप्प. "घासलं काय, फुंकलं काय, दहा मिनिटं पण झाली नाहीत." गप्प. "लातूरहून एसटीनं आलेय मी, म्हातारं माणूस." तिनं ओठ आणखी दाबले. "बरं, दीडशे घे आणि वर आशीर्वाद." मागून कुणीतरी हसलं. मी शेवटचा बाण काढला. नाक जरासं वर ओढलं आणि म्हटलं, "इवाईबुवा, तुमच्याकडं वरमायचा हाच मान होय?" इवाईंनी टेबल धरलं.

पोरीनं माझा पंप पुन्हा स्वतःकडे ओढला. "आजी, महाग वाटत असंल तर स्विच पहिल्यासारखा चिकटवून देते. त्याचं काय घेत न्हाई." आणि खरोखरच पाना उचलला.

मी फोन काढला. पाटी सुलटी झाली. पैसे गेले आणि टेबलावरच्या त्या छोट्या डब्यानं दोनशे ऐंशी रुपये मिळाल्याची दवंडी दिली, पार पहिल्या स्टॉलपर्यंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला आठवतंय, दोनचार स्टॉलांवर पोरं खाली वाकून पालथ्या पाट्या सरळ करत होती. वडील वाकून डब्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आन् गावात काका आला की?"

"वरमायकडून घेतलं, अण्णा," पोरगी म्हणाली. "काका काय चीज हाय."

त्यांनी टोपी डोक्यावर बसवली. "सोमवारी उमरीलाच जाऊ मग," एवढंच बोलले.

इवाई मला एसटीला बसवायला आले ते तीन पावलं मागे राहून. वाटेत त्यांनी सात वेळा माफी मागितली, मी मोजली. रात्री सुनेनं विचारलं, "आई, तिकडं काय झालं? बाबा जेवले नाहीत म्हणे. तुम्ही फोन उचलत नाही." मी म्हटलं, "काही नाही." आणि दोन दिवस खरंच उचलला नाही. सुधारले असले तरी इतकीही सुधारले नव्हते. तिसऱ्या दिवशी मीच लावला आणि म्हटलं, "इवाईबुवा, आयुष्यात पहिल्यांदा भाव न पाडता कुणाची मजुरी दिली. तुमच्यामुळं. आता जेवा."

पुढं ते निवृत्त झाले. कक्षात हल्ली नुसते कॅरमबोर्ड आहेत असं म्हणतात. इवाई अधूनमधून आमच्याकडे येतात, नातीशी व्यवहार करतात, माझ्याशी अजून जपून बोलतात. गेल्या महिन्यात आले ते गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसले. मी कुंड्यांतलं गवत काढत होते. म्हणाले, "उमरीला जाऊन आलो."

"पोरीकडं?"

"हाव. घरचा पंप नेला होता."

"तुमच्याकडं पंप कधी बिघडला? परवाच तर आणलाय."

त्यांनीही गवताची एक काडी उपटली. "वायर मीच उपसली होती," म्हणाले. "जायला काहीतरी निमित्त पाहिजे की."

गाळ्यासमोर पंपांची रांग होती म्हणे. पोरीनं हाताखाली दुसरी एक पोरगी ठेवलीय. हे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर तिनं पंप उघडला, एका नजरेत ओळखलं. वर न बघताच म्हणाली, "पंप चांगला हाय सर, वायर कुनीतरी ओढलीय. तपासणीचे साठ." आणि गप्प.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दिले. मी जरा थांबून बघितलं, सोडते का. न्हाई सोडले. पुढच्याचा पंप ओढला तिनं." त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की हाताशी शाल असती तर त्यांनी स्वतःवरच पांघरून घेतली असती. मीही हसले. मग ते रस्त्याकडे बघत राहिले. खाली क्लास सुटला होता, पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं सायकली काढत होती.

"चहाचं नाही विचारलं तिनं," ते म्हणाले. "गर्दी होती."

"गर्दी होती हे बरंच की," मी म्हटलं.

"बरंच हाय," ते म्हणाले. "बरंच हाय, इहीणबाई."